५५ मासे, ५५ गाई

दिवाळीत पत्ते कुटणे हा पुष्कळ घरांतला नेमच. फराळाच्या बशा उचलल्या गेल्या की सतरंजी पसरते, कुणीतरी जोड पिसायला घेतो आणि मेंढीकोट नाहीतर पाच-तीन-दोन सुरू होते. तेव्हा वाचकहो, यंदा पत्त्यांविषयीच चार शब्द. मात्र चौकोनी पत्त्यांविषयी नव्हे, वाटोळ्या.

गंजिफा हे नाव आपण ऐकलेले असते, क्वचित एखाद्या संग्रहालयात काचेआड ती गोल पाने पाहिलेलीही असतात. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या खेळात १२ रंग नि १४४ पाने होती, असे अबुल फजल लिहितो. याच खेळाने आपल्याकडे दशावतारी रूप घेतले. १० अवतारांचे १० रंग; प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहल्यापर्यंत पाने. एकूण १२०.

आमची मावशी मूळची सावंतवाडीची. वय ८६. गेल्या वर्षापासून ती आमच्याकडे ठाण्याला असते. सकाळची गोळी घेतली की नाही, हे तिला दुपारी सांगता येत नाही. पण लहानपणी वडिलांसमोर बसून खेळलेला गंजिफाचा डाव ती पानापानाने सांगते. तिच्या माहेरचा जोड केव्हाच विस्कटला. आमच्या सगळ्या गोतावळ्यात हा खेळ येणारी आता ती एकटीच. म्हणून ठरवले की गणपतीपासून दिवाळीपर्यंत आपणच एक जोड काढायचा.

“विकत का नाही आणत?” असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्तच होता. सावंतवाडीत ही कला जवळजवळ बुडाली असताना, १९७० नंतरच्या काळात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून सत्त्वशीलादेवी स्वतः ती शिकल्या. तिथे रंगवलेली पाने दृष्ट लागण्याजोगी असतात, आणि अडचण नेमकी तीच आहे. तसला जोड घरात आला की तो थेट दर्शनी कपाटात जाणार. चकलीच्या तेलकट हातांनी त्याला शिवायची कुणाची छाती आहे? आणि मला तर हाताळून मळणारा जोड हवा होता.

जुनी रीत अशी की, कापडाच्या घड्या चिंचोक्याच्या खळीने चिकटवायच्या, वर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, मग गोल कापून रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात. मी घरातले जुने सुती धोतर घेतले. चिंचोके मावशीनेच सोलले. गोल मात्र नातीच्या बांगडीने आखले. याला कारण आहे. तिघांत डाव मांडला तर प्रत्येकाच्या हाती ४० पाने येतात. मोठी पाने मुलांच्या मुठीत मावणार कशी?

राजे आणि प्रधान मिळून फक्त २० चित्रे. सगळे कौतुक त्यांच्या वाट्याला येते, पण खरी कसोटी पुढेच. एक्क्यापासून दहल्यापर्यंतची खुणांची बेरीज करून पाहा. ५५! मत्स्याच्या रंगात ५५ मासे, कूर्माच्या रंगात ५५ कासवे, वराहाचे ५५ शंख, असे १० रंगांचे ५५०. त्यात कृष्णाला मी गाय दिली होती. दहल्यावर १० गाई बसवून पाहा, म्हणजे कळेल! पानावर आकडा कुठेच नसतो. नजर टाकताक्षणी सात की आठ ते उमगले पाहिजे. म्हणून गाय सुबक असून भागत नाही, ती चार फटकाऱ्यांत आणि दर वेळी तशीच यावी लागते. विसाव्या गाईनंतर शिंगे आपोआप येऊ लागली. जुन्या चिताऱ्यांची ती इवलीशी, घाईत काढल्यासारखी दिसणारी चित्रे मला तेव्हापासून फार मोठी वाटतात.

पाठी सगळ्या एकसारख्या लाल ठेवल्या. तिथे नक्षी नको, डागही नको. नाहीतर प्रतिपक्षाला पान पाठीवरूनच ओळखू येते.

मावशीचे नियम मी वहीत उतरवून घेतो. मत्स्यापासून वामनापर्यंतच्या ५ रंगांत दहल्या मोठा, एक्का सर्वांत लहान. परशुरामापासून कल्कीपर्यंत नेमके उलट. राजा-प्रधानाखालोखाल एक्का, तळाला दहल्या. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो आधी उतरतो, रात्री कृष्णाचा. इथे हुकूम बोलायचा नसतो. वरची पाने खेळून गेली की उरलेल्यांत जे थोरले तेच हुकमाचे. म्हणजे कोण कोण गेले, हे ध्यानात ठेवण्यावरच सगळी मदार.

पहिल्या डावाला वसुबारसेच्या संध्याकाळी बसलो. दिवे लागलेले होते, कृष्णाचा राजा मावशीकडेच होता. नात हातातल्या मत्स्यराजाकडे कौतुकाने पाहत राहिली, तेवढ्यात आवाज आला, “अगो, देवाकडे कित्याक बगतंस? मासे मोज!”

डाव अर्धा झाला असेल. मी वराहाचा दहल्या हुकमाचा समजून टाकायला निघालो, तर मावशीने न पाहताच हात आडवा केला. “वराहाचो प्रधान अजून भायर पडूक नाय.” खरेच, तो नातीच्या हातात होता, आणि डाव फुटल्याबद्दल ती मावशीवर चांगलीच चिडली!

गोळीची आठवण मला द्यावी लागते ती लागतेच. पण दुपारच्या चहानंतर सतरंजी आता मावशीच पसरते. वहीची ११ पाने भरली आहेत. पाच जण असले तर काय काय बदलते, ते तिने काल सांगायला घेतले आणि मधेच डोळा लागला. आज पुन्हा विचारायचे आहे.