दोष रक्ताचा कीं कुळाचा?

'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे दोन शब्द एकच समजले गेल्यानें घराघरांत केवढा अनर्थ होतो, तें वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील एखाद्या एकत्र कुटुंबांतलें मूल फिकट पडतें, ताप हटत नाहीं, अंगावर काळेनिळे डाग उठतात. पुण्यास वा मुंबईस नेल्यावर रक्ताच्या कर्करोगाचें निदान होतें आणि कागदावर 'जनुकीय बिघाड' असें लिहून येतें. मग वडीलधारी मंडळी विचारूं लागतात, हें कोणत्या घराण्यांतून आलें? बोट बहुधा सुनेच्या माहेराकडे वळतें.

'फिलाडेल्फिया' नांवाच्या प्रकारापुरतें तरी हें साफ चूक आहे. हा बिघाड आईबापांकडून येत नाहीं. अस्थिमज्जेंतील एखाद्या पेशींत तो मागाहून उद्भवतो. नोवेल व हंगरफर्ड यांना १९६० सालीं एक आखूड गुणसूत्र आढळलें. ९ व २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यानें तें तसें होतें, हें जॅनेट राउली यांनीं १९७३ सालीं दाखविलें. त्या जोडापासून बनणारें प्रथिन पेशीला 'वाढ, वाढ' अशी अखंड आज्ञा देत राहतें.

केमोथेरपी वाढत्या पेशी मारते, पण ती आज्ञा थांबवीत नाहीं. इमॅटिनिबची गोळी त्या प्रथिनाच्या खोबणींतच जाऊन बसते. म्हणून दोन्ही उपचार एकत्र देतात. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणींत, ही गोळी सर्वांत अधिक काळ घेतलेल्या मुलांपैकीं शेंकडा ८० मुलें तीन वर्षें विनाविघ्न राहिलीं. पूर्वीं हें प्रमाण ३५ होतें. १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या औषधाच्या पेटंटाचा दावा फेटाळला, त्यामुळें देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग निर्वेध राहिला.

तेव्हां घरच्यांनीं कुळाची चौकशी सोडून डॉक्टरांस विचारावें कीं, फिलाडेल्फिया गुणसूत्राची तपासणी झाली काय? मूल हिंडूंफिरूं लागलें म्हणून गोळी परस्पर बंद करूं नये. काढा द्यावयाचा तोही विचारल्याशिवाय देऊं नये. हा उपचार महिनोन् महिने चालतो, आणि गोळीची वेळ सांभाळून उशाशीं जागते ती बहुधा आईच. तिलाच दोषी ठरविणारें घर मुलाच्या औषधाचा अर्धा आधार आपल्या हातानें काढून घेतें.