बाभळी बंधारा वाद

बाभळी बंधारा वाद हा महाराष्ट्र आणि पूर्वीचे आंध्र प्रदेश (२०१४ पासून तेलंगणा) या राज्यांमधील गोदावरीच्या पाण्याविषयीचा वाद आहे. बाभळी बंधारा नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यात, राज्याच्या सीमेपासून सुमारे ७ किलोमीटर अलीकडे आहे. त्याला १४ दरवाजे असून साठवणक्षमता २.७४ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे सुमारे ७७.६ दशलक्ष घनमीटर आहे. धर्माबाद, उमरी, नायगाव व बिलोली या तालुक्यांतील सुमारे ८ हजार हेक्टर शेतीला उपसा पद्धतीने पाणी मिळावे आणि नदीकाठच्या गावांची पिण्याच्या पाण्याची सोय व्हावी, हा त्याचा हेतू. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल देऊन बंधाऱ्याला मान्यता दिली. वाद मात्र त्या दिवशी संपला नाही. पाणी किती, हा प्रश्न मिटला; ते कोणत्या तारखेला अडवायचे, हा प्रश्न उरला आहे.

पार्श्वभूमी

गोदावरीच्या या पट्ट्यात राज्याची सीमा फार जुनी नाही. नांदेड आणि निजामाबाद हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. मांजरा नदीवरील निजामसागर हे धरण संस्थानी राजवटीतच बांधले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, निजामाबाद आंध्र प्रदेशात गेला, आणि एका राज्याची अंतर्गत बाब असलेली नदी दोन राज्यांची झाली. माणसांचे व्यवहार मात्र तुटले नाहीत. धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात आजही तेलुगू आणि मराठी या दोन्ही भाषांत सौदे होतात, आणि बासरच्या सरस्वतीला मुलांच्या अक्षराभ्यासासाठी जाणाऱ्या मराठी कुटुंबांना ते देवस्थान परराज्यात आहे याची आठवणही नसते.

सीमेपलीकडे पोचमपाड येथे श्रीराम सागर प्रकल्पाची पायाभरणी २६ जुलै १९६३ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाली. या धरणाची मूळ क्षमता ११२ टीएमसी होती. गाळ साचून ती पुढे सुमारे ९० टीएमसीवर आली. त्याचा फुगवटा नदीच्या पात्रातून थेट नांदेड जिल्ह्यात येतो. बाभळी बंधारा पोचमपाडपासून सुमारे ८१ किलोमीटर वर असूनही त्याच फुगवट्याच्या क्षेत्रात येतो. सगळ्या वादाचे मूळ या भौगोलिक योगायोगात आहे. पात्र महाराष्ट्राचे, पण त्यात पसरणारे पाणी पोचमपाडचे.

१९७५ चा करार

गोदावरी पाणीतंटा लवाद १९६९ मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आणि त्याचा अंतिम निवाडा १९८० मध्ये आला. तत्पूर्वीच संबंधित राज्यांनी आपापसांत करार केले होते. लवादाने ते निवाड्यात समाविष्ट केले. ६ ऑक्टोबर १९७५ च्या करारानुसार गोदावरीवरील पैठण धरण आणि पूर्णेवरील सिद्धेश्वर धरण यांच्या वरचे पाणी महाराष्ट्राला पूर्णपणे वापरता येते. पैठण, सिद्धेश्वर व मांजरेवरील निजामसागर या तीन धरणांच्या खाली आणि पोचमपाडच्या वर असलेल्या खोऱ्यात महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी पाणी वापरण्याची मुभा आहे. उलटपक्षी आंध्र प्रदेशाला पोचमपाडमध्ये १०९१ फूट पातळीपर्यंत पाणी साठवण्यास महाराष्ट्राने संमती दिली.

हा करार करताना एक गोष्ट कुणीच लिहून ठेवली नाही. फुगवट्याच्या क्षेत्रात, पण स्वतःच्या हद्दीतील पात्रात, महाराष्ट्र बंधारा बांधू शकतो की नाही, याविषयी करार मौन बाळगतो. पुढची सारी वकिली या मौनाभोवती फिरली.

न्यायालयीन लढा

महाराष्ट्राने बंधाऱ्याचे काम सुरू केल्यानंतर आंध्र प्रदेशाने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. धरणाच्या पोटात दुसरा बंधारा उभा राहिल्यास पोचमपाडचे पाणी वरच्या वर उपसले जाईल, असे त्या राज्याचे म्हणणे होते. बंधारा आपल्याच हद्दीत आहे, पाणी नदीच्या काठांच्या आतच राहते आणि ते ६० टीएमसीच्या वाट्यातले आहे, ही महाराष्ट्राची भूमिका होती. २६ एप्रिल २००७ च्या अंतरिम आदेशाने बांधकाम चालू ठेवण्यास परवानगी मिळाली, परंतु दरवाजे बसवण्यास मनाई झाली. खांब उभे आणि दरवाजे नाहीत, अशा अवस्थेत बंधारा अनेक वर्षे राहिला.

न्यायमूर्ती आर. एम. लोढा, टी. एस. ठाकूर व अनिल दवे यांच्या पीठाने २०१३ मध्ये महाराष्ट्राची भूमिका मुख्यतः मान्य केली. तीन अटी घातल्या. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात पोचमपाडकडे जाणाऱ्या नैसर्गिक प्रवाहाला अडथळा करायचा नाही. २९ ऑक्टोबर ते जूनअखेर या काळात २.७४ टीएमसीपेक्षा अधिक पाणी वापरायचे नाही. पोचमपाड व बाभळी यांच्या सामाईक फुगवट्यातले ०.६ टीएमसी पाणी दरवर्षी १ मार्चपर्यंत खाली सोडायचे. अंमलबजावणीवर देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोगाचा एक आणि दोन्ही राज्यांचा प्रत्येकी एक अशी त्रिसदस्यीय समिती नेमली. आयोगाचा प्रतिनिधी तिचा अध्यक्ष असतो.

जुलै २०१० चे आंदोलन

निकालापूर्वी या वादाने देशभर लक्ष वेधले ते तेलुगू देसम पक्षाचे नेते चंद्राबाबू नायडू यांच्या अटकेमुळे. १६ जुलै २०१० रोजी ते पक्षाच्या आमदार-खासदारांसह बंधारा पाहण्यास निघाले आणि महाराष्ट्र पोलिसांनी त्यांना सीमेवर ताब्यात घेतले. धर्माबादच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्यांना ठेवण्यात आले. काही दिवसांनी त्यांना औरंगाबादला नेऊन विमानाने हैदराबादला परत पाठवले गेले. महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण स्वतः नांदेडचे होते, ही बाबही आगीत तेल ओतणारी ठरली.

त्याच महिन्यात तेलंगण भागात विधानसभेच्या १२ जागांची पोटनिवडणूक होती. त्यांपैकी ११ तेलंगण राष्ट्र समितीने व एक भारतीय जनता पक्षाने जिंकली. तेलुगू देसमच्या हाती काहीच लागले नाही. नदीच्या पाण्यावर मते तरंगतात हा राजकीय समज त्या वेळी तरी खोटा ठरला. धर्माबादच्या न्यायालयातील खटला मात्र रेंगाळत राहिला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये, नायडू मुख्यमंत्री असताना, त्यांच्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट निघाले. तोवर बाभळीच्या पाण्याशी त्यांच्या राज्याचा संबंधच उरला नव्हता.

दरवाजांचे वेळापत्रक आणि त्याचा परिणाम

निकालाने महाराष्ट्राला २.७४ टीएमसी पाणी दिले, असे सर्रास लिहिले जाते. प्रत्यक्षात निकालाने ते अडवण्याची परवानगी दिली आहे, आणि तीही पावसाळा सरल्यावर. मराठवाड्यात नैर्ऋत्य मोसमी पावसाचे पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येते, आणि मोठे पूर बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. नेमक्या त्या काळात दरवाजे वर उचललेले असतात. २९ ऑक्टोबरला समितीच्या उपस्थितीत ते खाली सोडले जातात, तेव्हा बंधारा भरेल की नाही हे परतीच्या पावसावर आणि वरच्या प्रकल्पांतून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. अवर्षणाच्या वर्षी ऑक्टोबरअखेर गोदावरीला या भागात जेमतेम धार असते. कोरड्या पात्रावर दरवाजे बंद करण्याचा कायदेशीर उपचार तेवढा पार पडतो.

पाणी साठले तरी १ मार्च येतो. ०.६ टीएमसी म्हणजे भरलेल्या बंधाऱ्याच्या पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक. पोचमपाडच्या ९० टीएमसीशी ताडून पाहिल्यास हे प्रमाण एक टक्काही भरत नाही. खालच्या धरणाला जे जाणवणारही नाही, ते वरच्या काठावर उन्हाळी भुईमुगाच्या एक-दोन पाळ्यांचे पाणी असते. नंतर १ जुलैला दरवाजे पुन्हा उचलले जातात आणि शिल्लक साठा सीमेपलीकडे जातो. पाणी वापरण्यासाठी शेतकऱ्यापाशी पंप, वीजजोडणी आणि नदीपासून शेतापर्यंत जलवाहिनी हवी. बंधाऱ्याला कालवे नाहीत. ज्यांचे शेत काठापासून दूर आहे, त्यांच्या लेखी हा वाद वर्तमानपत्रातच राहिला.

आंध्र प्रदेशाची बाजू पूर्ण निराधार होती असे म्हणता येत नाही. वरच्या खोऱ्यात आमदुरा, बळेगाव असे बंधारे एकामागून एक उभे राहत होते. प्रत्येक बंधारा लहान असला तरी सर्वांची बेरीज लहान नसते, आणि खालच्या राज्याला वरच्या राज्याच्या नोंदवहीवर विश्वास ठेवण्याखेरीज उपाय नसतो. म्हणूनच समितीत तिसरा, केंद्राचा माणूस ठेवणे हा निकालातील सर्वांत शहाणपणाचा भाग होय.

तेलंगणाच्या निर्मितीनंतर

२ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य अस्तित्वात आले आणि पोचमपाडसह हा वाद त्याच्या वाट्याला आला. नव्या राज्याने सामोपचाराचा मार्ग धरला. गोदावरी, प्राणहिता व पैनगंगा यांवरील सीमावर्ती बंधाऱ्यांसाठी २३ ऑगस्ट २०१६ रोजी दोन्ही राज्यांत करार झाले. कालेश्वरम प्रकल्पाचा मेडीगड्डा बंधारा त्यांतलाच. तेथे भूमिकांची अदलाबदल झाली. बंधारा तेलंगणाचा आणि फुगवटा गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात, असे चित्र निर्माण झाले.

२०१८ मध्ये धर्माबाद तालुक्यातील काही गावांतून तेलंगणात विलीन होण्याची मागणी पुढे आली. शेतकऱ्यांना तेथे मिळणारे थेट अनुदान व चोवीस तास वीज ही तिची कारणे होती. ज्या बंधाऱ्यासाठी महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात लढला, त्याच्या शेजारच्या गावांना त्या बंधाऱ्याला विरोध करणाऱ्या प्रदेशात जावेसे वाटले. बंधाऱ्याने प्रत्यक्षात काय दिले, याचे याहून बोलके मोजमाप सापडणे कठीण.

इंग्लिश खाडीतील वादाशी तुलना

एकत्र नांदणारे शेजारी विभक्त झाले की सामाईक पाणी भांडणाचे कारण होते, याचे अलीकडचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रिटन व फ्रान्स यांच्यातील मासेमारीचा तंटा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर डिसेंबर २०२० च्या व्यापार व सहकार्य कराराने फ्रेंच बोटींना ब्रिटिश किनाऱ्यापासून ६ ते १२ सागरी मैलांच्या पट्ट्यात प्रवेश मिळाला, पण पूर्वी तेथे मासेमारी केल्याचा पुरावा दाखवण्याच्या अटीवर. लहान बोटींवर स्थाननोंद यंत्रे नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तेथे जाळे टाकणाऱ्यांकडे कागद नव्हता. मे २०२१ मध्ये सुमारे ६० फ्रेंच बोटींनी जर्सी बेटाच्या बंदरापुढे निदर्शने केली, ब्रिटनने नौदलाची दोन जहाजे पाठवली आणि फ्रान्सच्या मंत्र्याने बेटाची वीज तोडण्याची भाषा केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्सने एक ब्रिटिश बोट ल हाव्र बंदरात अडकवून ठेवली.

दोन्ही ठिकाणी हक्क तत्त्वतः मान्य झाला आणि पुढचा झगडा परवाना, पुरावा, तारीख अशा तपशिलांवर झाला. फरक इतकाच की खाडीतील व्यवस्थेला मुदत होती. ३० जून २०२६ रोजी संपणारी ती व्यवस्था मे २०२५ मध्ये वाटाघाटींनी ३० जून २०३८ पर्यंत वाढवण्यात आली. बाभळीच्या तारखांना मुदतही नाही आणि फेरविचाराचा ठरलेला दिवसही नाही.

जायकवाडीचा दाखला

मराठवाडा धर्माबादला वरचा आणि पैठणला खालचा आहे. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे गोदावरीचे पाणी अडवतात म्हणून जायकवाडी भरत नाही, ही त्याची जुनी तक्रार. तेलंगणाने बाभळीविषयी केलेली तक्रार अक्षरशः हीच आहे. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा पाण्याच्या वाटपाचा विषय सर्वांच्या तोंडी होता. परंतु लातूरची मांजरा बाभळीच्या खाली, कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते आणि तिच्या पाण्याचा बाभळीला काडीचाही उपयोग नाही, हे त्या चर्चेत क्वचितच सांगितले गेले.

जायकवाडीसाठी समन्यायी वाटपाचे जे सूत्र मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर लागू झाले, ते सशर्त आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तरच वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. धरण भरलेले असेल तर वरच्यांवर बंधन नाही. बाभळीचे सूत्र बिनशर्त आहे. पोचमपाड काठोकाठ भरून त्याचेच दरवाजे उघडले गेले, पाणी समुद्राकडे निघाले आणि फुगवट्याने धर्माबाद-बिलोलीची शेते बुडाली, तरी बाभळीचे दरवाजे २८ ऑक्टोबरपर्यंत खाली येऊ शकत नाहीत. पोचमपाड भरल्याची समितीने खात्री केली की उरलेल्या दिवसांत बाभळी भरून घ्यावी, अशी एक ओळ वाढवल्यास तेलंगणाचा थेंबही कमी होत नाही. देखरेख समितीला तो अधिकार नाही. दोन्ही राज्यांची लेखी संमती किंवा न्यायालयाचा नवा आदेश, एवढेच मार्ग आहेत. आणि २०१६ च्या करारांच्या वेळी दोन्ही राज्ये एका टेबलाशी बसली, तेव्हा बाभळीच्या तारखा बदलून घेण्याची संधी हुकली.