दुकानाच्या दारातली झडती आणि कलम 15

सुपरमार्केटच्या दारात गार्डने थांबवले, बॅग उघडायला लावली, बिलावर शिक्का मारला आणि सोडून दिले. एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला, असे काही मित्र विचारतील. आम्ही उलट विचारतो, रांगेतल्या दहा जणांपैकी बॅग कोणाची उघडली जाते? चारचाकीतून उतरलेल्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या बाईंच्या पर्सकडे गार्ड बघतही नाही. वस्तीतला पोरगा मात्र आत शिरल्यापासून त्याच्यामागे एक माणूस फिरत असतो. अंगावरचे कपडे, पायातली चप्पल, बोलण्याची ढब आणि कधी मोबाईलच्या कव्हरवरचा बाबासाहेबांचा फोटो, एवढ्यावरून ‘हा चोर असू शकतो’ हे ठरलेले असते. जात विचारावी लागत नाही. ती बघणाऱ्याच्या डोळ्यातच असते.

दुकानात शिरण्याचा हक्क आपल्याला कोणी दान दिलेला नाही. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बहुतेक मूलभूत हक्क राज्यसंस्थेविरुद्ध असतात. हे कलम मात्र खाजगी दुकानदारालाही बांधते. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ या शब्दात धोब्याचे, न्हाव्याचे दुकान येते का, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी त्या शब्दाचा अर्थ शक्य तितका रुंद केला. जो कोणी येणाऱ्याला आपली सेवा द्यायला बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगी शिक्षणसंस्थेच्या एका प्रकरणात याच अर्थाचा आधार घेतला. मग वातानुकूलित मॉल या शब्दाच्या बाहेर कसा राहील?

आता गार्डच्या अधिकाराकडे येऊ, कारण इथेच आपली पोरे घाबरतात. गणवेश, शिट्टी, वॉकीटॉकी बघून तो पोलीसच वाटतो. तो पोलीस नाही. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 चा कायदा आहे. त्यात गार्डला पोलिसाचे अधिकार दिलेले नाहीत, उलट पोलिसांसारखा गणवेश घातल्यास शिक्षा आहे. तो बिल दाखवा म्हणू शकतो, बॅग काउंटरवर ठेवा म्हणू शकतो. हा नियम सर्वांना सारखा लावत असतील तर आमची तक्रार नाही. पण तुमच्या संमतीशिवाय अंगाला हात लावणे, खिसे तपासणे हे त्याच्या अधिकारात बसत नाही. बाईची झडती पोलिसांनासुद्धा महिलेकडूनच आणि सभ्यता राखून घ्यावी लागते. तिथे गार्डची काय कथा!

चोरी डोळ्यांसमोर होत असेल तर आपला माल वाचवण्याचा हक्क दुकानाला आहे, हे मान्य. पण पकडून ठेवण्याचे काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 40 सामान्य माणसाला अटकेची मुभा देते ती फक्त त्याच्या समक्ष घडलेल्या, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात (किंवा फरारी घोषित आरोपीच्या बाबतीत). त्यातही विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात 5000 रुपयांहून कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. शाम्पूची बाटली, चॉकलेट, टीशर्ट यांच्या नुसत्या संशयावर कोणाला दोन तास बसवून ठेवणे हा उलट बसवणाऱ्याचाच गुन्हा ठरू शकतो. बेकायदा अडवणूक आणि डांबून ठेवणे यांसाठी भारतीय न्याय संहितेत कलम 126 आणि 127 आहेत.

खरा खेळ होतो तो मागच्या खोलीत. ‘जरा आत चला’ म्हणतात. आत गेल्यावर माफीनामा लिहून घेणे, फोटो काढणे, वस्तूच्या दहापट पैसे मागणे. दंड ठोठावण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, स्टोअर मॅनेजरचा नाही. भीती घालून उकळलेले पैसे ही खंडणी होते. म्हणून आमचे तरुणांना आग्रहाचे सांगणे आहे की आत जाऊ नका. ‘जे विचारायचे ते इथे, सर्वांसमोर विचारा, संशय असेल तर 112 ला फोन करा’ असे शांतपणे सांगा. पोलीस आल्यास आपले खरे नाव सांगा. धक्काबुक्की करू नका. तोच व्हिडिओ ते पुढे करतील.

आत न जाण्याला आणखी एक कारण आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3(1)(आर) आणि (एस) खाली अपमान किंवा जातिवाचक शिवीगाळ ‘लोकांच्या नजरेसमोर’ झालेली असावी लागते. 2020 च्या हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आतला, बाहेरच्या साक्षीदाराविना झालेला प्रसंग त्यात बसत नाही असे म्हटले. बिलिंगच्या रांगेसमोर घडलेल्या गोष्टीला साक्षीदार असतात, बंद खोलीत नसतात. दुकानात शिरूच दिले नाही तर 2015 च्या दुरुस्तीने आलेले 3(1)(झेडए) आहे. त्यात दुकानाचा थेट उल्लेख आहे. मात्र प्रत्येक बॅग तपासणीला ॲट्रॉसिटी म्हणू नका. जातीचा संबंध दाखवता येत नसेल तर तो खटला उभा राहत नाही आणि या कायद्याच्या नावाने बोंब मारणाऱ्यांना आयते कोलीत मिळते.

आणि त्या गार्डचे काय? बहुतेकदा तोही आपल्याच वस्तीतला, कंत्राटी, बारा-बारा तास उभा. महाराष्ट्रात सुरक्षा रक्षकांसाठी 1981 चा कायदा आणि मंडळे असूनही अनेकजण एजन्सीच्या दयेवर जगतात. कोणाला अडवायचे याचे तोंडी आदेश वरून येतात आणि शिव्या तो खातो. त्याच्याशी भांडून हाताला काही लागत नाही. तक्रारीत व्यवस्थापनाचे नाव घाला.

तक्रार लेखी द्या, वेळ आणि काउंटर क्रमांक लिहा, त्या वेळचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी करा आणि पोच घ्या. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. पण पैसे मोजून काही घेतले नसेल तर त्या कायद्याच्या व्याख्येत तुम्ही ग्राहक ठरत नाही. तेव्हा दारात शिक्का मारलेले ते बिल फेकू नका; त्याचा फोटोही काढून ठेवा, छपाई कालांतराने उडते.