आजीचं माहेर इतिहासात लिहा

मैत्रिणींनो, नवीन बाई भेटली की आपण आधी विचारतो, “माहेर कुठलं गं?” त्या एका उत्तरावरून गाव, भावकी, सोयरीक सगळं उलगडतं. हल्ली संगणकावर इतिहासाचीही अशीच सोयरीक जुळवतात. माणूस, गाव, घटना, साल यांची वेगवेगळी नोंद करायची आणि त्यांच्यातलं नातं जोडायचं. याला ‘नॉलेज ग्राफ’ म्हणतात. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटावर अशा नोंदी मराठीतूनही करता येतात.

आपल्याच भागाचं बघा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार ‘साताऱ्याचं’ म्हणतात. पण त्यातलं कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. हे नातं जोडलं नाही, तर सांगलीच्या पोरांना आपलाच इतिहास परक्या जिल्ह्याचा वाटेल.

जिल्ह्याचं नाव बदललं, त्याची सरकारदरबारी नोंद झाली. पण लग्नात बाईचं नाव बदलतं, त्याचं काय? माहेरच्या नावानं एक काम, सासरच्या नावानं दुसरं, आणि जोडणारं कुणीच नाही! हौसाताई पाटलांनी १९४३ साली भवानीनगरच्या पोलीस ठाण्यापुढं नवरा-बायकोच्या मारहाणीचं नाटक केलं, तेवढ्यात साथीदारांनी बंदुका पळवल्या. त्या क्रांतिसिंहांची लेक, म्हणून नाव तरी राहिलं. पण रात्री-अपरात्री भूमिगतांना भाकरी करून घालणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या बायांचं काय? स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनला तुरुंगवासाचा नाहीतर भूमिगत असल्याचा कागद लागायचा. चुलीपुढच्या बाईकडं कसला कागद?

काहीजण म्हणतील, भाकरी थापणं हा काय इतिहास झाला? मग मला सांगा, भूमिगत माणसं वर्षानुवर्षं जगली कशावर?

त्या वेळी विशीत असलेल्या बाईनं आज शंभरी ओलांडली असती. म्हणून आता लेकीसुनांनाच विचारायला हवं. आपल्या बचत गटात एक वही घाला. आजीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही गावं, कुणाला आसरा दिला, हे लिहा. कुणी सांगितलं तेही लिहा. ऐकीव ते ऐकीव म्हणूनच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. पुढं कॉलेजची पोरं ती संगणकावर चढवतील. पण माहेरचं नाव आपणच सांगितलं नाही, तर संगणक तरी कुठून आणणार?