‘मेलेल्यांचा हल्ला’ : ओसोव्येत्सच्या सैनिकांना झोंबी का म्हणू नये

१/
झोंबीपटांचा साचा ठरलेला असतो. महामारीने जग गिळलेले असते आणि उरलेसुरले मूठभर सैनिक अखेरची चढाई करतात. पहिल्या महायुद्धातील एक प्रसंग समाजमाध्यमांवर याच साच्यात ओतून, पण उलटा करून सांगितला जातो. त्यात सैनिकच झोंबी असतात आणि त्यांना पाहून शत्रूची हजारोंची फौज पळत सुटते. प्रसंग खरा आहे. त्याला दिलेले रूप मात्र त्या सैनिकांवर अन्याय करणारे आहे.

२/
स्थळ : ओसोव्येत्सचा किल्ला. आज तो ईशान्य पोलंडमध्ये आहे. १९१५ मध्ये तो रशियन साम्राज्यात होता. जर्मन पूर्व प्रशियाची सीमा तेथून अवघी २५ किलोमीटरच्या आसपास. ब्येब्झा नदीच्या काठची मैलोन्‌मैल दलदल आणि तीतून पलीकडे नेणारा एक लोहमार्ग, एवढ्यावर या किल्ल्याचे सारे महत्त्व होते. दलदलीतून फौज जात नाही. जायचे तर या किल्ल्याच्या नाकासमोरून जावे लागे. घाटाच्या तोंडाशी किल्ला का बांधतात हे ज्यांना सह्याद्रीने शिकवले आहे, त्यांना या जागेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

३/
सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मनांनी या किल्ल्यावर पहिला हल्ला केला, तो फसला. फेब्रुवारी-मार्च १९१५ मध्ये त्यांनी ४२० मिलिमीटर व्यासाच्या अवजड तोफा आणल्या. याच त्या प्रसिद्ध ‘बिग बर्था’. बेल्जियमचे किल्ले ज्यांनी काही दिवसांत फोडले, त्या तोफांपुढे ओसोव्येत्स टिकला. पुढे किल्ल्याची सूत्रे सेनापती निकोलाय ब्झोझोव्स्की यांच्याकडे होती. लोखंडाने काम होईना, तेव्हा जर्मनांनी वायूकडे पाहिले.

४/
वायुयुद्ध तेव्हा नवे होते. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीनचा पहिला मोठा मारा केला. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, त्याच आघाडीवर ब्रिटिश हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन प्रतिहल्ल्यात उतरली आणि तिलाही वायूला तोंड द्यावे लागले. त्या दिवशी जमादार मीर दस्त यांनी विखुरलेल्या सैनिकांना एकत्र धरून ठेवले आणि भर माऱ्यात आठ जखमी ब्रिटिश व हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी हलवण्यास मदत केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे नाव पुढच्या युक्तिवादासाठी लक्षात ठेवावे.

५/
क्लोरीन काय करतो? हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड. म्हणून तो जमिनीलगत सरपटतो आणि खंदकात, तळघरात, म्हणजे सैनिक जेथे आसरा घेतो नेमका तेथेच साचतो. डोळे, घसा आणि फुप्फुसांतील ओलाव्याशी त्याची प्रक्रिया होऊन आम्ले तयार होतात. फुप्फुसांचे नाजूक अस्तर जळते, त्यात पाणी भरू लागते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. ज्याला वायू बाधला आहे त्याने शक्य तितके स्वस्थ पडून राहावे. धावल्याने शरीराची प्राणवायूची गरज वाढते आणि हानीही वाढते. ओसोव्येत्सचे सैनिक धावले.

६/
६ ऑगस्ट १९१५, पहाटे चारचा सुमार. किल्ल्यासमोर जर्मनांनी वायूच्या नळकांड्यांच्या ३० बॅटऱ्या मांडल्या होत्या आणि ते कित्येक दिवस अनुकूल वाऱ्याची वाट पाहत होते. त्या पहाटे वारा वळला. हिरवट ढग रशियन खंदकांवर आला आणि मागोमाग तोफखाना सुरू झाला. रशियनांकडे वायूपासून बचावाची धड साधने नव्हती. लाकडी कोळशाच्या गाळणीवर चालणारा, रसायनशास्त्रज्ञ झेलिन्स्की यांचा मुखवटा त्याच वर्षी आकार घेत होता. तो सैन्यात सर्रास पोहोचायला १९१६ उजाडले.

७/
किल्ल्याचे युद्ध-अभियंते सेर्गेई ख्मेलकोव्ह यांनी पुढे लिहिलेला वृत्तांत या प्रसंगाचा मुख्य आधार मानला जातो. त्यांच्या नोंदीनुसार पाने पिवळी पडून गळाली, गवत काळे पडले आणि तोफांच्या तांब्याच्या भागांवर हिरवा थर चढला. २२६ व्या झेम्ल्यान्स्की पायदळ रेजिमेंटच्या नवव्या, दहाव्या आणि अकराव्या कंपन्या जवळजवळ संपल्या. बाराव्या कंपनीतील सुमारे ४० माणसे एका मशीनगनसह उरली. इतकी माणसे तासाभरात गेली. बहुतेकांना बंदूक उचलण्याचीही संधी मिळाली नाही.

८/
त्यानंतर जर्मन लँडवेर पायदळाच्या १४ बटालियन पुढे सरकल्या. लँडवेर म्हणजे अधिक वयाच्या, राखीव वर्गातील सैनिकांचे दल. समोर कोणी जिवंत नसणार अशी त्यांची अपेक्षा होती. किल्ल्याच्या पुढील फळीत खिंडार पडले आणि लोहमार्गावरील पूल धोक्यात आला. तेव्हा किल्ल्याच्या तोफखान्याने मारा सुरू केला आणि राखीव कंपन्यांना संगिनी चढवून चढाई करण्याचा हुकूम मिळाला.

९/
आठव्या आणि तेराव्या कंपनीतील निम्म्यापर्यंत सैनिकांना तेव्हाच वायू बाधला होता. तेराव्या कंपनीचे नेतृत्व कनिष्ठ अधिकारी व्लादिमिर कोत्लिन्स्की यांच्याकडे होते. तोंडावर चिंध्या बांधलेली, खोकणारी, रक्त थुंकणारी ही माणसे लोहमार्गालगत १८ व्या लँडवेर रेजिमेंटवर तुटून पडली. जर्मन मागे हटले. मागे हटताना त्यांच्यातले अनेक जण रशियन तारांच्या कुंपणात अडकले आणि तोफांच्या माऱ्यात सापडले. अकरा वाजेपर्यंत खिंडार बुजले होते. कोत्लिन्स्की त्याच दिवशी जखमांनी गेले. त्यांना मरणोत्तर सेंट जॉर्ज सन्मान मिळाला.

१०/
येथपर्यंतचा वृत्तांत थरारक आहे आणि त्याला मीठमसाल्याची गरज नाही. तरीही तो लावला गेला. ‘६० मृतप्राय रशियनांनी ७००० जर्मनांना पळवले’ हे वाक्य आज जगभर फिरते. २०१९ मध्ये साबाटोन या स्वीडिश संगीतसमूहाने यावर गाणे केले आणि तरुणांच्या कानी ही लढाई प्रामुख्याने तेथूनच पडली. गाण्याने कुतूहल जागवले हे चांगलेच झाले. मात्र कुतूहल जागले की पुढचे काम कागद तपासण्याचे असते.

११/
आधी आकडा. सात हजार ही संपूर्ण आघाडीवर चालून आलेल्या फौजेची ढोबळ संख्या. तेराव्या कंपनीसमोर आले ते त्यातील एका रेजिमेंटचे सैनिक. रशियन बाजूलाही एकच कंपनी नव्हती. प्रतिहल्ल्यात अनेक कंपन्या उतरल्या होत्या. म्हणजे एका बाजूची बेरीज करायची आणि दुसऱ्या बाजूची वजाबाकी, अशा हिशेबातून हा चमत्कार जन्माला आला आहे. मराठी इतिहासवाचकाला हा हिशेब परिचित आहे. समकालीन पत्र आणि पुढे लिहिलेली बखर यांतील सैन्यसंख्या शेजारी ठेवली की तो नेहमीच दिसतो.

१२/
मग नाव. ‘मेलेल्यांचा हल्ला’ हे शब्द ख्मेलकोव्ह यांच्या पुस्तकात येतात. तेही अवतरणचिन्हांत आणि एका प्रत्यक्षदर्शीच्या हवाल्याने. पुस्तक १९३९ चे, म्हणजे लढाईनंतर २४ वर्षांनी छापलेले. ख्मेलकोव्ह किल्ल्यात होते, म्हणून त्यांची साक्ष मोलाची. परंतु २४ वर्षांत आठवणीला घाट येतो, हेही खरे. त्या अवतरणचिन्हांतील उपमा पुढच्या पिढ्यांनी शब्दशः घेतली. उपमेचे वर्णन झाले आणि वर्णनाचा चित्रपट.

१३/
तिसरा मुद्दा तोफखान्याचा. जर्मन केवळ भयाने पळाले, ही कथा पडद्यावर शोभते. त्या सकाळी पारडे फिरवणारी आणखी दोन कारणे होती. एक, जर्मनांचा वायू जर्मनांनाही बाधला. ढगाच्या फार जवळून पुढे गेलेल्या ७६ व्या लँडवेर रेजिमेंटची त्यात मोठी हानी झाल्याचे ख्मेलकोव्ह सांगतात. दोन, वायू बाधलेल्या रशियन गोलंदाजांनी तोफा चालू ठेवल्या. तोफेपाशी उभे राहून श्वास कोंडत गोळा भरणारा माणूस कोणत्याही चित्रात दिसत नाही, कारण तो झोंबीसारखा दिसत नाही. दंतकथा नेहमी चेहऱ्यांची निवड करते आणि त्या निवडीत कष्ट करणारे हात गळून पडतात.

१४/
येथे आक्षेप येईल : नावात काय ठेवले आहे? ‘झोंबी’ हा शब्द कौतुकानेच तर वापरला जातो. पण झोंबीची व्याख्याच अशी की त्याला इच्छा नसते. तो निवड करत नाही, त्याला भीती नसते, वेदना नसते. कोत्लिन्स्कींच्या माणसांना हे सारे होते. जळत्या फुप्फुसांनी धावायचे की पडून राहायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि उत्तर त्यांनी दिले. शौर्य म्हणतात ते यालाच. इच्छाशक्ती काढून घेतली की मागे उरते ते केवळ भयाण दृश्य.

१५/
मीर दस्त यांची आठवण येथे ठेवावी. त्यांच्याही आघाडीवर तोच क्लोरीन होता. त्यांना कोणी झोंबी म्हणत नाही, कारण त्यांची कृती तपशिलाने नोंदली गेली : काय केले, कोणाला वाचवले, कोणत्या दिवशी. जेथे नोंद आहे तेथे माणूस दिसतो. जेथे नोंद विरळ आहे तेथे भूत येऊन बसते. तेराव्या कंपनीतील बहुतेक शिपायांची नावे सामान्य वाचकाला ठाऊक नाहीत आणि त्या रिकाम्या जागेतच ही भुताटकी वाढली.

१६/
याच किल्ल्याची दुसरी दंतकथा तेच सांगते. किल्ला सोडताना भुयारी कोठारात अडकलेला एक पहारेकरी १९२४ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षे, पहारा देत राहिला, अशी ती कथा. सोव्हिएत लेखक सेर्गेई स्मिर्नोव्ह यांनी तिला प्रसिद्धी दिली. त्या पहारेकऱ्याचे नाव पुराव्यानिशी कधी सिद्ध झाले नाही. कथा सुंदर आहे. इतिहास म्हणून ती टिकत नाही. मात्र साम्राज्याने ज्यांना विसरून टाकले त्यांच्याविषयीची सल त्या कथेत आहे, आणि ती सल खरी आहे.

१७/
कारण त्या विजयाचे पुढे काय झाले? लढाईच्या आदल्याच दिवशी, ५ ऑगस्टला, जर्मन सैन्य वॉर्सात शिरले होते. रशियन आघाडीची ‘महामाघार’ सुरू होती. आजूबाजूचा प्रदेश हातचा गेल्यावर ओसोव्येत्स राखण्यात अर्थ उरला नाही. अवघ्या दोन-अडीच आठवड्यांत रशियनांनी किल्ला रिकामा केला आणि त्याची बांधकामे स्वतःच सुरुंगांनी उडवली. ज्या भिंतींसाठी माणसे फुप्फुसे जाळून धावली, त्या त्यांच्याच सैन्याने पाडल्या. दंतकथा या पानाशी पोहोचण्याआधीच संपते.

१८/
म्हणून ती लढाई व्यर्थ होती का? नाही. त्याच महिन्यात नोवोगिओर्गिएव्हस्क हा कितीतरी मोठा रशियन किल्ला दहा दिवसांच्या वेढ्यात पडला आणि सुमारे ९० हजार सैनिक कैद झाले. ओसोव्येत्सची शिबंदी मात्र तोफांसह बाहेर पडू शकली. ६ ऑगस्टला किल्ला पडला असता तर हे शक्य झाले नसते. धावलेल्यांनी किल्ला वाचवला नाही. त्यांनी मागच्या माणसांना निघून जाण्याची मुदत मिळवून दिली. खिंड लढवण्याचा अर्थ मराठी मनाला याहून वेगळा ठाऊक नाही.

१९/
झोंबीकथेत आणखी एक गोष्ट झाकली जाते : अपराध. कथेत वायू हा जणू शाप असतो, ज्यातून अद्‌भुत सेना उठते. प्रत्यक्षात तो कारखान्यात भरलेला, वाऱ्याचा अंदाज घेऊन सोडलेला माल होता. पलीकडे, स्वतःच्या सैनिकांना धड मुखवटेही न देणारे सरकार होते. १९२५ च्या जिनिव्हा कराराने अशा अस्त्रांच्या वापरावर बंदी घातली, तरी क्लोरीन एकविसाव्या शतकात सीरियातील वस्त्यांवर पुन्हा पडला. तेथील गुदमरलेल्या मुलांना कोणी झोंबी म्हणत नाही. मग १९१५ च्या शिपायांना का म्हणावे?

२०/
आणि त्या ‘मेलेल्यां’तील एकजण पुढे ३७ वर्षे जगला. रशियन वृत्तांतांनुसार कोत्लिन्स्की पडल्यावर सॅपर दलातील अधिकारी स्त्शेमिन्स्की यांनी चढाईची सूत्रे घेतली. हेच व्वादिस्वाव स्त्शेमिन्स्की पुढे पोलंडचे थोर आधुनिक चित्रकार झाले. १९१६ मध्ये आघाडीवर त्यांनी एक हात आणि एक पाय गमावला. तरीही त्यांनी चित्रे काढली, सिद्धांत मांडले, वूच शहरात आधुनिक कलेचा संग्रह उभारण्यात पुढाकार घेतला. सरकारी कलाधोरण नाकारल्यामुळे १९५० मध्ये त्यांची अध्यापकी काढून घेण्यात आली आणि १९५२ मध्ये ते हलाखीत वारले. आंद्रे वायदा यांचा २०१६ चा अखेरचा चित्रपट त्यांच्या शेवटच्या वर्षांवर आहे.

२१/
झोंबीला पुढचे आयुष्य नसते; त्याची गोष्ट हल्ल्यापाशी संपते. स्त्शेमिन्स्कींची गोष्ट तेथे सुरू झाली. ओसोव्येत्सचे अवशेष आजही दलदलीच्या काठी उभे आहेत. पुढच्या वेळी ही लढाई कोणी सांगितली, तर ऐकणाऱ्याने दोनच प्रश्न विचारावेत : आकडा कोणी मोजला, आणि धावणाऱ्यांची नावे काय होती?