शिंगराचा ताप आणि सुईची घाई

चेन्नईत घोडेवाल्यांशी गप्पा होतात तेव्हा एक गोष्ट खटकते: शिंगरू तापलं की लगेच अँटिबायोटिक. मी डॉक्टर नाही, पण खडकवासल्यापासून घोड्यांत वावरलोय. जबड्याखाली गाठ असेल तर बहुधा स्ट्रँगल्स. शिंगरू वेगळं बांधा, गाठ शेकून पिकू द्या, पू वाहू द्या. १ ते ६ महिन्यांचं शिंगरू खोकत, धापत असेल तर ऱ्होडोकॉकसचा संशय घ्यावा. तेव्हा श्वासनलिकेतला स्राव आधी तपासायला द्या. वेपेरीला १९०३ पासून व्हेटर्नरी कॉलेज आहे. त्यावरचं रिफॅम्पिसिन म्हणजे माणसाच्या टीबीचंच औषध! अंदाजाने देत सुटलं तर जंतू त्याला सरावतात. आणि स्ट्रँगल्समधून उठलेलं शिंगरू, आठवड्याच्या अंतराने तीन तपासण्या स्वच्छ येईपर्यंत, इतरांत सोडू नका.