दहा काठ्यांचा भार

घरातील रुग्णाची सेवा करणाऱ्यास येणारा-जाणारा प्रत्येक जण रुग्णाची प्रकृती विचारतो. सेवा करणाऱ्याचे कसे चालले आहे, हे विचारणारा विरळाच. पुढे पुढे तो स्वतःही स्वतःला ते विचारीनासा होतो. नातवंडांनी घरी आणलेले टॅरो पत्ते पाहून ‘भविष्य पाहणे आम्हांस पटत नाही, मग हे हाती घ्यावेत का?’ असे आपणांस वाटत असेल, तर अवश्य घ्यावेत. मात्र भविष्यासाठी नव्हे.

मुळात हे पत्ते खेळासाठीच जन्मले. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत त्यांचा डाव रंगत असे. भविष्यकथनाशी त्यांची सांगड रूढ झाली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. आज सर्वपरिचित असलेला ७८ पत्त्यांचा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. आर्थर वेट यांच्यासाठी त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी रेखाटली. आपल्या नेहमीच्या कॅटात बदामाची सत्ती म्हणजे नुसते सात बदाम. येथे मात्र प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग आहे, आणि आपल्या उपयोगाचे तेवढेच.

त्यातील दहा काठ्यांचे चित्र पाहा. एक मनुष्य दहा लांब काठ्यांचा भारा कवटाळून, वाकून चालला आहे. घरे समोरच आहेत. पण तोंड भाऱ्यात खुपसलेले असल्याने ती त्याला दिसत नसावीत. ‘आई बरी होईल का?’ असे या चित्रास विचारू नये, कारण ते त्याला ठाऊक नाही. स्वतःस विचारावे, यांतील कोणत्या काठ्या माझ्या आहेत आणि कोणत्या मी केवळ सवयीने उचलल्या? औषधांच्या वेळा मी सांभाळीन. पण रुग्णालयाची एखादी फेरी धाकट्या भावास सांगता येणार नाही का? आजवर सांगितली नाही ती त्याला सवड नाही म्हणून, की मागण्याची लाज वाटते म्हणून? लिहिणाऱ्याची लेखणी अडखळते ती बहुधा येथेच.

रात्री निजानीज झाल्यावर पत्ते पिसावेत आणि एकच काढावा. पुस्तिकेतील अर्थ लगेच पाहू नये. काही मिनिटे चित्र न्याहाळून मनात येतील ती तीन-चार वाक्ये वहीत उतरवावीत. पत्ता मनाजोगा नसला की दुसरा काढण्याचा मोह होतो, तो आवरावा.

तेरावा पत्ता मृत्यूचा आहे. पांढऱ्या घोड्यावर चिलखत ल्यालेला सांगाडा. ‘हे केवळ परिवर्तनाचे प्रतीक’ ही नेहमीची सारवासारव मला रुचत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसास कधी कधी मृत्यूविषयीच बोलायचे असते, आणि घरचे विषय बदलतात. अशा वेळी ते चित्र बोलण्यास निमित्त होईल. मात्र ज्याचे मन आधीच धास्तावलेले आहे, किंवा स्मृतिभ्रंशामुळे ज्याला चित्र आणि वास्तव वेगळे करता येत नाही, त्याच्यासाठी तो पत्ता आधीच बाजूला ठेवावा.

औषध, शस्त्रक्रिया, मृत्युपत्र यांचे निर्णय पत्त्यांवर सोपवू नयेत. पैसे घेऊन संकट टाळण्याची हमी देणाऱ्यास दाराबाहेरूनच निरोप द्यावा. आणि वहीत रोज झोप नाही, अन्न नको, जगणे नको असेच उमटू लागले, तर ती वही विनासंकोच डॉक्टरांपुढे ठेवावी. दाखविणे जड वाटल्यास ‘टेलिमानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर आपणांस नाव न सांगताही बोलता येईल.